डाव्या गालाचं गणित

बदलापूरहून मुंबईत नोकरी म्हणजे विंडो सीटसाठी रोजची लढाई! आठ वर्षं मी ती जिंकत आले. बक्षीस काय मिळालं? परवा घरच्या लग्नात मावसबहीण म्हणाली, "अगं, तुझा डावा गाल एवढा काळवंडला कसा?"

गणित सोपं आहे. माझी सीट डावीकडची. सकाळी ठाण्यापुढे गाडी दक्षिणेला जाते, ऊन पूर्वेचं, म्हणजे डावीकडून. शिफ्ट संपवून चारला परत निघावं, तर गाडी उत्तरेला आणि ऊन पश्चिमेचं. पुन्हा डावीकडूनच! २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. काचेतूनही आत शिरणाऱ्या यूव्हीए किरणांचा हा प्रताप. आपल्या लोकलच्या खिडक्या तर उघड्याच!

मग मी माती खाल्ली. उल्हासनगरला कपडे घ्यायला गेले आणि येताना एक 'जादूची' क्रीम घेऊन आले. पंधरा दिवस चेहरा लख्ख! ती बंद केली आणि गाल लाल, आग आग, वर पुरळ. अंबरनाथच्या स्किन स्पेशालिस्टनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉइड आहे. त्वचा पातळ होते." अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायचा आळस मला नडला.

गाल शांत व्हायला काही महिने गेले. मग खरी दुरुस्ती सुरू झाली. तिचे नियम असे :

* सनस्क्रीन : एसपीएफ ३० किंवा जास्त. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, घरातून निघण्याआधी. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात (२०१३) रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत मोजण्याइतकी म्हातारी झाली नाही.
* ट्रेटिनॉइन : 'ए' जीवनसत्त्वाचं भावंड. उन्हाने पिकलेली त्वचा याने सुधारते, हे अमेरिकेत डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ साली दाखवलं. फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने, रात्री, मटारच्या दाण्याएवढं. गरोदरपणात नाही.
* धीर : फरक दिसायला तीन ते सहा महिने. पंधरा दिवसांत गोरं करणाऱ्या ट्यूबला लांबूनच नमस्कार.

डाग पुसट झालेत, पुरते गेले नाहीत. विंडो सीट मात्र सोडलेली नाही. फक्त आता बसल्या बसल्या ओढणी डाव्या गालावर येते.