दुधाचा पगार कोणाच्या नावे?

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील कोणत्याही गावी दर दहा दिवसांनी एक शब्द हटकून ऐकू येतो, तो म्हणजे 'पगार'. हा पगार सरकारी नोकरीचा नव्हे, साखर कारखान्याचाही नव्हे. डेअरीत घातलेल्या दुधाचे दहा दिवसांचे जे बिल हाती येते, त्यास आमच्या इकडील लोकांनी हे नाव दिले आहे. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. पगार म्हटला की त्यामागे चाकरी आली, चाकरीच्या वेळा आल्या, आणि चाकरी करणारे माणूसही आले. तेव्हा ही चाकरी कोण करते व पगार कोण घेतो, एवढे दोनच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो. ते मांडण्यास फारसे धैर्य लागत नाही. पण ज्या घरी ते मोठ्याने विचारले जातील, तेथे थोडी चुळबुळ झाल्यावाचून राहणार नाही.

आठ-दहा संकरित गाई बाळगणारे एखादे मध्यम प्रतीचे घर घ्या. ते नीरेच्या डाव्या कालव्यावर असो की भिगवणच्या अंगास उजनीच्या फुगवट्याजवळ असो, दिनक्रमात फारसा फरक नाही. पहाटे चारच्या सुमारास पहिली जाग येते ती घरच्या बाईस. शेण ओढणे, गव्हाणी झाडणे, आंबोण कालवणे, कास धुऊन धार काढणे, वासरास त्याच्या वाटणीचे दूध पाजणे, ही सर्व कामे उजाडण्याच्या आत उरकावी लागतात. कारण संकलन केंद्राची वेळ चुकली तर त्या वेळेचे दूध घरीच राहिले. किटली किंवा कॅन मोटारसायकलला लावून केंद्रावर नेणे हे बहुधा पुरुषाचे काम. शाळेस जाणारा मुलगा असल्यास त्याचे. त्यानंतर चूल, मुलांचे डबे, सासूसासऱ्यांचे औषधपाणी. मग वैरण कापणे, भारा वाहणे, कुट्टी करणे, गुरांस पाणी दाखविणे. एखादीस कासदाह झाला असेल तर तिचे सड शेकणे, गाभण गाईवर नजर ठेवणे. चारपाच वाजता पुन्हा पहाटेचाच क्रम. गाय रात्री व्यायला झाली, तर कंदील गेला व विजेचा दिवा आला एवढाच काय तो शतकाचा फरक, जागरण तिचेच.

या कामात केवळ कष्ट नाहीत, बुद्धीही आहे, हे शहरातील वाचकांनी ध्यानात घ्यावे. उसाच्या हंगामात आमच्याकडे वाढे मुबलक व स्वस्त मिळते. परंतु नुसत्या वाढ्यावर गाय ठेवली, तर त्यातील ऑक्झलेटमुळे तिच्या अंगातील चुना कमी होतो व व्याल्यावर ती उठेनाशी होते. हे पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहेच. पण ज्या बाईने पुस्तक कधी उघडले नाही तीही वाढ्यात कडबा नाहीतर लसूणघास मिसळते, आणि आंबोणात क्षारमिश्रणाची मूठ टाकावयास विसरत नाही. कोणत्या गाईचे दूध कालपासून पातळ झाले, कोणती माजावर आली, हे घरात सर्वांच्या आधी तिला कळते. असल्या ज्ञानास इतर धंद्यांत कसब म्हणतात व त्याचे मोल देतात.

पुरुष स्वस्थ बसतो असे आमचे म्हणणे नाही. शेतीपंपास वीज रात्रीची आली की चिखलात उभा राहून पाणी तो देतो. पेंडेची उधारी, डॉक्टरला आणणे, बँकेचे हेलपाटे हेही त्याच्याच माथी असतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी मुक्त गोठ्याचा व मुरघासाचा जो प्रसार केला, त्याने दावणीला गुरे बांधण्याचे व रोज ओला चारा कापण्याचे काम काही घरांतून हलके झाले, हेही आम्ही आनंदाने नमूद करतो. तथापि एक गंमत पाहण्यासारखी आहे. धार काढण्याचे यंत्र घरात आले की ते बहुधा पुरुषाच्या हाती जाते, आणि शेणाची पाटी मात्र होती तेथेच राहते! सन २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-उपयोग पाहणीत असे दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची २८९ मिनिटे घालवितात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. गोठ्यातील काम या २८९ मिनिटांत धरलेले नाही.

शिवाय या चाकरीस सुटी नाही. तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास जाते. काटेवाडीस मेंढ्यांचे आणि बेलवाडीस पहिले गोल रिंगण होते. गावाच्या वेशीवर प्रत्यक्ष पंढरीची वाट येऊन उभी राहते. परंतु गोठ्याची धनीण दर्शन घेऊन धारेच्या वेळेस माघारी फिरते. घरातील लग्नास सर्वांनी मिळून जावे असे कधी घडत नाही. एकीने मागे राहावेच लागते, आणि ती 'एक' कोण हे ठरविण्यास सभा भरवावी लागत नाही. वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा करून ती उपास धरते, आणि त्याच सायंकाळी त्याच गाईची धारही तीच काढते. भाऊबिजेस माहेरी गेली तर दुसऱ्या दिवशी परत. अलीकडे शेतकऱ्यांच्या मुलांस मुली मिळत नाहीत अशी ओरड गावोगाव ऐकू येते. मुलीकडचे लोक नोकरीची चौकशी करतात, तसे गोठ्यात किती गुरे आहेत हेही हळूच विचारून घेतात. त्यांस नावे ठेवण्यापूर्वी मुलाकडच्यांनी आपल्या गोठ्यातील चाकरीच्या अटी एकदा कागदावर मांडून पाहाव्यात.

आता पगाराकडे वळू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८७६-७७ च्या दुष्काळातील कामांतून ज्याचा आरंभ झाला, त्या नीरा डाव्या कालव्याने पट्ट्यापट्ट्याने ऊस आणला. पण कालव्याबाहेरील माळ कोरडाच राहिला. त्या काळी गुरे म्हणजे खिल्लार, आणि खिल्लार म्हणजे मुख्यतः बैल. बैल नांगराचा, मोटेचा, गाडीचा. म्हणून तो पुरुषाचा. गाईचे दूध थोडके, घरापुरते. परंतु त्यातून जे ताक-लोणी उरे, त्याचे तूप कढवून बाजारी विकणारी घरधनीण चार पैसे पदरी बांधीत असे. त्या पैशाचा हिशेब सहसा कोणी विचारीत नसे. तो तिचा होता.

पुढे मोट गेली, ट्रॅक्टर आला, बैल उणावले. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे जी बाएफ संस्था स्थापिली, तिने व सरकारी पशुवैद्यकीय खात्याने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. होल्स्टीन व जर्सी यांच्या संकराच्या गाई आल्या. १९७० पासून दुग्धविकासाची देशव्यापी योजना सुरू झाली, आणि गावोगाव दूधसंस्था व पुढे खासगी डेअऱ्या उभ्या राहिल्या. लिटरांचा आकडा वाढला, उसाचे पैसे वर्षातून एकदा हप्त्याहप्त्याने तर दुधाचे दर दहा दिवसांनी, अशी घराची घडी बसली. किराणा, शाळेची फी, दवाखाना ही सारी या दहा दिवसांच्या बिलावर चालू लागली. मात्र याच घडामोडीत एक गोष्ट कोणाच्या लक्षात न येता घडून गेली. पदराच्या गाठीतला पैसा पासबुकात गेला, आणि पासबुकावर नाव पुरुषाचे पडले. काम वाढले ते तिचे. खाते उघडले ते त्याचे. कोणी कट केला नाही. संस्थेचा सचिव पुरुष, सही करणारा पुरुष, म्हणून ज्याने कॅन आणला त्याचे नाव वहीत लिहिले गेले.

यावर आमचे काही सुज्ञ मित्र म्हणतील की, घर एक, चूल एक, मग नावात काय आहे? नावात काही नसेल, तर ते बदलण्यास हरकत तरी कोणती? वस्तुतः नावात पुष्कळ आहे. सहकारी संस्थेत ज्याचे नाव त्याचे मत, त्याचा लाभांश, दिवाळीचा फरक त्याचा. गाईसाठी कर्ज काढावयाचे तर दुधाच्या बिलाची पावती ज्याच्या नावे त्याची पत. दहा वर्षे एका बाईने धार काढली, आणि नवरा अकस्मात वारला, तर बँकेच्या लेखी तिने या दहा वर्षांत एक थेंबही दूध घातलेले नाही. २०२२ साली लंपी रोगाने गुरे मेली तेव्हा दुभत्या गाईमागे ३०,००० रुपयांची मदत सरकारने ठरविली. २०२४ साली दर पडले तेव्हा लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान दिले, त्यासाठी गाईच्या कानातील बारा अंकी बिल्ला व आधारशी जोडलेले बँकखाते यांची सांगड घालावी लागली. गाईच्या कानात बिल्ला मारताना तिचे डोके धरून कोण उभे होते, हे त्या नोंदीत कोठेही लिहिलेले नाही.

कायदा आड येतो असेही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या २२ व्या कलमाप्रमाणे करार करण्यास पात्र अशी कोणतीही व्यक्ती सभासद होऊ शकते. तेथे मिशीची अट नाही. भाग संयुक्त नावे घेता येतो; मात्र त्यात ज्याचे नाव प्रथम, मताचा हक्क त्याचा, दुसऱ्याचा केवळ त्याच्या गैरहजेरीत. म्हणून नाव 'लावणे' पुरेसे नाही, ते प्रथम लावले पाहिजे. आणि गाईचे म्हणाल तर, ज्या मुलीस माहेरहून आंदण म्हणून गाय मिळाली, ती गाय हिंदू वारसा अधिनियमाच्या १४ व्या कलमान्वये तिच्या पूर्ण मालकीची. तिच्या कालवडीचे काय? १८७२ च्या करार अधिनियमातील १६३ व्या कलमाखाली कायदेकारांनी जे उदाहरण दिले आहे ते नेमके गाईचेच आहे : एकाने आपली गाय दुसऱ्याकडे सांभाळावयास ठेवली व ती तेथे व्याली, तर सांभाळणाऱ्याने गाईबरोबर वासरूही परत दिले पाहिजे. हे कलम सासरच्या गोठ्यास तंतोतंत लावता येईल असा आमचा आग्रह नाही. परंतु आंदणाच्या एका गाईपासून वाढलेल्या गोठ्यास 'आमचे' म्हणताना सासरच्या मंडळींनी ते एकदा वाचावे.

ही कल्पना शहरातील पंडितांनी काढली असाही आक्षेप नको. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडास शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले, व पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत खेड्यांतील पुरुषांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन करून दिली. १९९४ साली राज्याचे महिला धोरण जाहीर झाले व मुलीस वडिलार्जित मिळकतीत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती झाली, तेव्हा मुख्यमंत्रिपदी बारामतीचेच श्री. शरद पवार होते. इतके होऊनही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहिवाटदार खातेदारांत स्त्रिया शेकडा १४ च्या आतच भरल्या. जमिनीचे नाव बदलणे हे मोजणीचे, भाऊबंदकीचे, तलाठ्याचे काम आहे हे आम्ही जाणतो. दुधाच्या खात्यास यातले काहीच लागत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे, व तो आम्हांस बायकांनीच ऐकविला. खाते तिच्या नावे झाले तरी अंगठा तिचा व पैसा त्याचाच, असे पुष्कळ घरी होईल. होईल खरे. परंतु भांडणाच्या, मरणाच्या किंवा टाकून दिल्याच्या दिवशी न्यायालयात अंगठ्याचा कागद उभा राहतो, पहाटेची जागरणे उभी राहत नाहीत. आणि दर दहा दिवसांनी मोबाइलवर रक्कम जमा झाल्याचा निरोप ज्या बाईस येतो, ती निदान रक्कम किती हे तरी जाणते. आज कित्येकींस फॅट ३.५ व एसएनएफ ८.५ लागले की नाही हे ठाऊक असते, पण बिल किती निघाले हे ठाऊक नसते.

आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत. त्यांच्याशी दोन शब्द. पेंड, किराणा, कापड तुम्ही दुधाच्या पगारावर उधार देता, आणि खतावणीत नाव पुरुषाचे लिहिता. तुमची वसुली वेळेवर होते ती कोणाच्या हातांमुळे, हे तुमच्याइतके कोणास कळणार? दुकानी ती आली असता 'मालकांना पाठवा' असे म्हणण्याची सवय सोडा, व खतावणीत तिचे नाव लिहा. तुमचा पैसा बुडणार नाही.

राहता राहिली रीत, ती थोडक्यात सांगतो. खासगी डेअरीस दूध जात असेल, आणि या भागातील निम्म्याहून अधिक दूध तसेच जाते, तर तेथे सभासदत्वाचा प्रश्नच नाही. संकलन केंद्रावर बाईच्या नावाचा कोड उघडून तिचे आधारशी जोडलेले खाते द्यावे, पशुवैद्यकाकडून बिल्ल्याच्या नोंदीत मालकाचे नाव बदलून घ्यावे. सहकारी संस्था असेल तर सभासदत्वाचा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. अर्ज तत्पूर्वी पुरेसा वेळ ठेवून द्यावा. संस्थेने नकार दिला तर तो कारणांसह कळविणे तिच्यावर बंधनकारक आहे, त्यावर निबंधकाकडे अपील चालते. आणि तीन महिन्यांत काहीच कळविले नाही, तर अर्जदार सभासद झाली असे कायदा मानतो. पोच मात्र जपून ठेवावी.