दाब जातो कोठे?

आगबोटीने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे सांगावयास नको की, नौकेच्या पुढे-मागे होणाऱ्या डुलण्यापेक्षा तिचे या कुशीवरून त्या कुशीवर कलंडणे माणसाला अधिक हैराण करते. नौका लांबीला पुष्कळ आणि रुंदीला बेताची; त्यामुळे आडव्या हेलकाव्यांना तिचा विरोध तोकडा पडतो. त्यातून लाटांचा ठेका आणि नौकेचा स्वतःचा डोलण्याचा ठेका एक झाला म्हणजे झोपाळ्याला दर फेरीस नेमक्या वेळी धक्का मिळावा तसा प्रकार होतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६१ साली ही गोष्ट गणिताने उलगडून दाखविली.

रोग कळला तरी औषध हाती येण्यास वेळ लागला. १९३२ साली समुद्रावर आलेल्या 'काँते दि सावोया' या इटालियन जहाजात प्रत्येकी शंभरएक टन वजनाची तीन भोवरायंत्रे बसविली होती. तो मार्ग पुढे मागे पडला. टिकला तो पंखांचा. १९३६ साली इंग्लिश खाडीतील 'आइल ऑफ सार्क' या जहाजाला डेनी-ब्राउन पद्धतीचे पंख लागले. १९५० साली सेवेत आलेल्या आणि लंडनहून मुंबईमार्गे पूर्वेकडे जाणाऱ्या 'चुसान' बोटीवरही ते होते. आज पन्नास-साठ फुटी खाजगी सफरी मोटरनौकांतही ते पुष्कळदा आढळतात.

पाण्याखाली दोन्ही कुशींना एकेक आखूड पंख असतो. नौका डावीकडे कलली की डावा पंख तिला वर उचलतो आणि उजवा खाली दाबतो. तत्त्व विमानाच्या पंखाचेच. म्हणून वेग निम्मा झाला की पंखाचा जोर चौथाई उरतो. बंदरात शिरताना वेग उतरविल्यावर नौका डोलू लागली तर तो यंत्रणेचा बिघाड नव्हे, हे आधी ध्यानात घेतलेले बरे.

हे पंख फिरतात तेलाच्या दाबाने. इंजिनावर चालणारा पंप टाकीतून तेल ओढतो. विजेच्या इशाऱ्यावर उघडणाऱ्या झडपा ते सिलिंडरात दट्ट्याच्या या बाजूला किंवा त्या बाजूला सोडतात. तेथून ते गाळणीतून आणि समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या शीतकातून टाकीत परत येते. दर चौरस इंचावर हजार पौंड, कधी त्याहूनही अधिक, एवढा दाब या नळ्यांत असतो. आता समजा, भर समुद्रात दाबमापकाचा काटा खाली आला आणि पंख सुस्तावले. बहुतेकांचे बोट पहिल्याने पंपाकडे वळते. सरकारी कचेरीत एखादे प्रकरण अडले की शेवटची सही ज्याची, त्याच्या माथी दोष मारला जातो. कागद मध्यंतरी कोणाच्या टेबलावर पडून होता हे कोणी पाहत नाही. पंपाच्या वाट्याला तोच न्याय येतो.

वस्तुतः पंप दाब उत्पन्न करीतच नाही. तो प्रवाह उत्पन्न करतो, आणि त्या प्रवाहाला वाटेत जो अडथळा होतो त्यातून दाब जन्मतो. चाळीत तळमजल्यावरचा नळ उघडा राहिला की तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. तेवढ्यावरून कोणी टाकी फुटली असे म्हणत नाही. तेव्हा दाब उतरला असता पहिला प्रश्न हा की, कोठला नळ उघडा राहिला आहे?

त्याआधी मापकच खोटे बोलत नाही ना, हे दुसरे मापक लावून पाहावे. मग दाब केव्हा उतरतो हे पाहावे. निम्मे निदान यातच होते. इंजिन मंद असतानाच दाब पडत असेल तर पंपाचा प्रवाह फेऱ्यांबरोबर घटतो, आणि एरवी खपून जाणारी अंतर्गत गळती तेव्हा उघडी पडते. सकाळी ठीक आणि दोन तासांनी ढिला, असे असेल तर तेल तापून पातळ झाले आहे व झिजलेल्या फटींतून निसटत आहे. अशा वेळी शीतकाकडे येणारे समुद्राचे पाणी शेवाळाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीने अडले आहे काय, हे आधी तपासावे. पंप किंचाळत असेल आणि टाकीत फेस दिसत असेल तर तेलाची पातळी कमी आहे किंवा ओढनळीतून हवा शिरते आहे. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग शीतकावर संशय घ्यावा.

यातून उलगडा झाला नाही तर नौका धक्क्याला बांधून, पंख मधोमध अडकवून, एकेका पंखाकडे जाणारी शाखा बंद करावी. एक शाखा बंद करताच काटा वर चढला तर चोर त्या शाखेत आहे. शिवाय दाबाखालील तेल जेथून निसटते तेथे त्याची शक्ती उष्णतेत जाते; इतरांहून अधिक तापलेली झडप तापमापकाने सापडते. पुष्कळदा कचऱ्याचा एक कण सुरक्षा-झडपेला पुरती मिटू देत नाही. अशा वेळी तिचा स्क्रू आवळून काटा वर आणण्याचा मोह होतो. तो मला अक्षम्य वाटतो. कण सुटला की तीच झडप नको तितक्या दाबापर्यंत बंद राहते आणि नळी फुटते.

पंपाला दोषी ठरवावयाचे तर पुरावा हवा. दट्ट्यांच्या पंपात आतल्या आत गळणारे तेल एका वेगळ्या नळीने टाकीत परतते. ते मिनिटाला किती येते हे मापाच्या भांड्यात मोजून कारखानदाराच्या आकड्याशी ताडावे. काही यंत्रणांत दाब सावरण्यासाठी वायुभरित संचयक असतो. त्यातील वायू गेला की काटा थरथरू लागतो. तेथे कोरडा नायट्रोजनच भरावा. प्राणवायू भरल्यास तेलाशी गाठ पडून स्फोट होईल.

आणि गळती हाताने चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीत घुसते, खूण सुईच्या टोचणीएवढीच दिसते, दुखतेही थोडेच. परंतु तातडीने शस्त्रवैद्य गाठला नाही तर बोट जाण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून धार शोधावी.

समुद्रावर यांतले काहीच जमले नाही, तर पंख मधोमध अडकवून ठेवावेत आणि मार्ग वा वेग थोडा बदलून लाटांचा ठेका मोडावा. रॉबर्ट बीब या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने १९६३ साली सिंगापुरात बांधवून घेतलेल्या 'पॅसेजमेकर' नौकेवर तेलाची यंत्रणाच नव्हती. दोन्ही बाजूंच्या वाशांना टांगून पाण्यातून ओढावयाचे धातूचे पतंग तिला सावरीत. त्यापायी थोडा वेग खर्ची पडे, पण त्यांना ना पंप लागे ना झडप, आणि त्यांच्याच आधाराने ती ग्रीसपर्यंत पोहोचली.