संगणकांच्या जाळ्यातील गाठ : लहान व्यवसायाने स्विच कसा निवडावा?

कोणत्याही कचेरीत पाऊल टाकले की तेथे संगणक किती आहेत हे चटकन ध्यानात येते. परंतु ते परस्परांशी बोलतात कसे, हा प्रश्न बहुधा त्यांचे बोलणे बंद पडल्यावरच सुचतो. हे बोलणे घडवून आणणारी पेटी म्हणजे स्विच होय. आमच्या स्नेहलतागंजात काय किंवा इंदूरच्या अन्य कोणत्याही पेठेत काय, लहान व्यावसायिक संगणकाची निवड चोखंदळपणे करतो आणि स्विच मात्र सांगितला जाईल तो घेतो. या निवडीमागील विचार विद्यार्थी मित्रांना व त्यांच्या पालकांना समजावून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. संगणक जोडण्याची ‘ईथरनेट’ ही पद्धती 1973 साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत जन्मास आली. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज हे तिचे जनक. आरंभी सर्व संगणक एकाच तारेवर असत. एक बोलू लागला की इतरांनी थांबावयाचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाई. यावर 1990 साली तोडगा निघाला. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्यासह स्थापिलेल्या कंपनीने सात जोडणीमुखांचा, म्हणजे सात पोर्टांचा, ईथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव होते ‘कल्पना’! पुढे 1994 मध्ये सिस्को या कंपनीने ती विकत घेतली. गल्लीत उभे राहून मोठ्याने पुकारा करणे निराळे आणि पोस्टमनने पत्ता वाचून त्याच घरी पत्र टाकणे निराळे. स्विच हा पोस्टमन आहे.

आता ‘मॅनेज्ड’ म्हणजे काय ते पाहू. साधा स्विच येईल ते पुढे धाडतो. मॅनेज्ड स्विचला नियम घालून देता येतात. शाळेच्या एकाच इमारतीत निरनिराळे वर्ग भरतात, त्याप्रमाणे एकाच स्विचमध्ये हिशेबाचे संगणक, कॅमेरे व पाहुण्यांचे वायफाय यांचे वेगवेगळे विभाग पाडता येतात. या विभागांना व्हीलॅन म्हणतात. प्रतीक्षागृहात बसलेल्या अनोळखी माणसाचा मोबाइल हिशेबाच्या वहीपर्यंत पोहोचू नये, ही दक्षता त्यामुळे घेता येते. शिवाय कोणी अनवधानाने एकाच तारेची दोन्ही टोके स्विचमध्ये खुपसली, तर संदेश गरगर फिरत राहून सारे जाळे ठप्प होऊ शकते. हा फेरा ओळखून तोडण्याची युक्ती राडिया पर्लमन या विदुषीने 1985 साली शोधली. ती मॅनेज्ड स्विचमध्ये असते.

तिसरे विशेषण ‘स्टॅकेबल’, म्हणजे रचून एक करता येण्याजोगा. चोवीस पोर्टांचे दोन स्विच एका साध्या तारेने जोडले, तर प्रत्येकाची चोवीस मुखे असूनही मधला पूल अरुंदच राहतो. स्टॅकमध्ये हा पूल रुंद असतो आणि दोन्ही पेट्या एकाच यंत्राप्रमाणे वागतात. त्यांतील एक म्होरक्या होतो. नियम एकदाच लिहावे लागतात. म्होरक्या बंद पडल्यास दुसरा त्याची जागा घेतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, स्नेहलतागंजात एक रक्ततपासणी प्रयोगशाळा आहे. तेथे संगणक 18, छपाईयंत्रे 3, कॅमेरे 8, टेबलावरील फोन 6, वायफायची उपकरणे 2, सर्व्हरच्या तारा 2 आणि राउटरची 1, म्हणजे एकूण 40 पोर्ट लागतात. वाढीसाठी पंचमांश भर घातली की 48 होतात. येथे 48 पोर्टांचा एकच स्विच स्वस्त पडेल, हे खरे. परंतु तो बिघडला तर रुग्णाचा अहवाल डॉक्टरांकडे जाणेच थांबेल. त्याऐवजी 24 पोर्टांचे दोन स्विच रचले, सर्व्हरची एक तार एकात व दुसरी दुसऱ्यात घातली, राउटरलाही अशीच दुसरी तार देऊन ठेवली, तर एक बंद पडूनही निम्मे काम चालू राहते.

आता विजेचा हिशेब. कॅमेरे, फोन व वायफाय यांना त्याच तारेतून वीज पुरविता येते. कॅमेरा 8 वॅट, फोन 6 वॅट आणि वायफाय उपकरण 20 वॅट धरले, तर 64, 36 व 40 मिळून 140 वॅट झाले. म्हणजे दोन पेट्यांत सारखे वाटल्यास प्रत्येकी 70. तेव्हा प्रत्येक पेटीची क्षमता शंभर वॅटांच्या आसपास असावी. मात्र येथे एक मेख आहे. 2003 च्या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टातून 15.4 वॅटच देतो. 2009 च्या मानकाप्रमाणे 30 वॅट. म्हणून 20 वॅटांच्या उपकरणासाठी दुसरे मानक पाळणारा स्विचच हवा.

खरेदीपूर्वी आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. स्टॅकमधील पेट्या सामान्यतः एकाच उत्पादकाच्या, एकाच मालिकेतील लागतात. पुढे तिसरी पेटी मिळेल काय? स्टॅकची खास तार पुष्कळदा हातभरच लांब असते. पेट्या दोन मजल्यांवर असल्यास फायबरने रचना करता येते काय? तांब्याच्या साध्या जाळेतारेची मर्यादा 100 मीटर आहे, हेही स्मरणात असावे. पेट्यांमध्ये दोन तारांचे कडे करावे. म्हणजे एक तुटली तरी जोड सुटत नाही. उत्पादक सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे देणार, हे तर किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

स्टॅक म्हणजे सर्व दुखण्यांवर मात्रा नव्हे. सर्व पेट्यांचा मेंदू एक असल्यामुळे सॉफ्टवेअर बदलताना सगळा स्टॅक काही वेळ बंद होऊ शकतो. ते काम सुट्टीच्या दिवशीच करावे. दोन्ही पेट्या एकाच यूपीएसवर असतील आणि तोच निकामी झाला, तर दोन घेतल्याचा लाभ काय? आणि ज्या दुकानात सहा-सात संगणकच आहेत, त्याने स्टॅकवर पैसा खर्चू नये. आठ वा सोळा पोर्टांचा लहान मॅनेज्ड स्विच त्यास पुरे.

तात्पर्य, प्रथम मोजावे, मग वाढ धरावी, नंतर ‘हे बंद पडले तर काय थांबेल?’ असा प्रश्न विचारावा, आणि शेवटी किमतीकडे पाहावे. हा क्रम उलटा झाला की स्वस्त वस्तू महाग पडते. घरी व्यवसाय असलेल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत वडीलधाऱ्यांसमवेत बसून आपल्या दुकानातील तारा एकदा मोजून पाहाव्यात. गणिताच्या वहीतील त्रैराशिकापेक्षा हे उदाहरण त्यांना अधिक काळ स्मरेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.