रक्तदात्याची पात्रता-तपासणी आणि रक्तसुरक्षा : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. पुढील काळात भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि खेड तालुक्यातील चाकणपर्यंत कारखानदारीचा विस्तार झाला. या पट्ट्यात औषधे, मोटारी व यंत्रे तयार होतात. रक्त मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. संत तुकारामनगर येथील महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या रुग्णालयांतील रुग्णांची गरज दात्यांवरच अवलंबून असते. कंपन्यांच्या आवारात भरणारी शिबिरे हा रक्तसंकलनाचा एक महत्त्वाचा मार्ग होय. अशा शिबिरात दात्याची पात्रता कशी ठरते आणि त्या तपासणीत दात्याच्या प्रामाणिक उत्तराचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :
भारतात १९८९ मध्ये दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. तथापि पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते त्यानंतरही होतेच. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला. त्यानुसार राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. पैशासाठी रक्त देणारा मनुष्य आपला आजार लपविण्याची शक्यता अधिक असते, हे या बंदीमागील प्रमुख कारण होते.

पात्रतेचे निकष :
औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत मार्च २०२० मध्ये सुधारणा झाली. तदनुसार दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे असावे; मात्र प्रथमच रक्तदान करणाऱ्याचे वय ६० पेक्षा अधिक नसावे. ३५० मिलिलिटर रक्तासाठी वजन किमान ४५ किलो, तर ४५० मिलिलिटरसाठी ५५ किलोपेक्षा अधिक असावे. हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० दिवसांचे, तर स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे.

औद्योगिक पट्ट्यात काही निकष विशेष महत्त्वाचे ठरतात. रात्रपाळी करून पुरेशी झोप न घेतलेल्या कामगाराने रक्तदान करू नये. लांब पल्ल्याच्या वाहनचालकाने अथवा अतिश्रमाचे काम करणाऱ्याने पुढील कामापूर्वी २४ तासांच्या आत रक्त देऊ नये. एकादशी वा नवरात्राचा उपवास असणाऱ्यासही थांबविले जाते. हिवतापातून पूर्ण बरे झाल्यावर तीन महिने, तर गोंदवून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही. यांतील काही निकष दात्याचे, तर काही रुग्णाचे रक्षण करतात.

प्रयोगशाळेतील तपासणी व तिची मर्यादा :
संकलित रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस व हिवताप या पाच आजारांसाठी तपासणी अनिवार्य आहे. मग दात्यास प्रश्न विचारण्याची गरज काय, अशी शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर ‘विंडो पिरियड’ या संकल्पनेत आहे. विषाणूचा शरीरात प्रवेश होणे आणि तो चाचणीत आढळणे यांत काही काळ जातो. एचआयव्हीच्या केवळ प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीत हा काळ साधारणतः तीन आठवड्यांचा असतो. ‘नॅट’ ही चाचणी विषाणूची जनुकीय द्रव्येच शोधत असल्याने तो सुमारे ११ दिवसांपर्यंत खाली येतो. परंतु शून्य होत नाही. शिवाय ‘नॅट’ देशात सक्तीची नाही. एका पिशवीतून तांबड्या पेशी, बिंबिका व रक्तद्रव असे घटक वेगळे केले जातात. म्हणजेच एका सदोष पिशवीचा धोका दोन-तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकतो. दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या बाबतीत हा धोका आयुष्यभर पुन:पुन्हा उद्भवतो.

शिबिरातील प्रश्नावली व गोपनीयता :
विंडो पिरियडमधील दाता ओळखण्याचे साधन म्हणजे त्याचे स्वतःचे प्रामाणिक उत्तर. परंतु सहकारी रांगेत उभे असताना व पर्यवेक्षक जवळ असताना लैंगिक वर्तन, व्यसन वा जुन्या काविळीविषयी खरे सांगणे अवघड असते. आपला अहवाल व्यवस्थापनास कळेल व नोकरी जाईल, ही भीतीही असू शकते. या संदर्भात २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा महत्त्वाचा आहे. त्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई आहे आणि संबंधित माहितीच्या गोपनीयतेस संरक्षण आहे. ही बाब शिबिरापूर्वी कामगारांना मराठीसह हिंदीतूनही समजावून देणे आवश्यक आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रश्न आडोशाला, एकेकट्यास विचारावेत. परत पाठविलेल्या दात्याचे कारण इतरांस कळू नये.

समारोप :
रक्तसुरक्षेची सुरुवात प्रयोगशाळेपूर्वी, दात्याच्या खुर्चीसमोरच होते. शिबिराचे यश किती पिशव्या जमल्या यावरच मोजले गेल्यास, ‘आज मी देऊ शकत नाही’ असे सांगणारा कामगार अपयशी ठरतो. वस्तुतः रात्रपाळीनंतर वा शंका असताना स्वतःहून माघार घेणारा दाताही रुग्णाचे प्राण रक्षितो. त्यास तसे निःसंकोचपणे सांगता यावे, अशी व्यवस्था करणे ही रक्तपेढी, कंपनीचे व्यवस्थापन व कामगार संघटना या तिघांची संयुक्त जबाबदारी आहे.