गाडीची बॅटरी का उतरते?

पनवेल हे वाटेवरचे गाव. मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता पनवेलवरूनच बोरघाटाकडे जातो. इ.स. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. तोही पनवेलजवळ कळंबोलीलाच सुरू होतो. त्यामुळे मोटारगाडी आणि तिचे रुसणे, दोन्ही पनवेलकरांच्या ओळखीची आहेत.

अजूनही एखाद्या वाड्याच्या अंगणात जुनी फियाट गाडी दिसते. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत असे. पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण सर्वांनी ती पाहिली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून तिची चाकरी संपली. पण काही घरांनी ती हौसेने जपून ठेवली आहे.

अशी गाडी पावसाळाभर जागची हलत नाही. दसरा आला, की तिला धुवून बाहेर काढायची असते. किल्ली फिरवावी, तर नुसता 'कट्ट' असा आवाज येतो. सेल्फ काही फिरत नाही. लगेच कोणीतरी म्हणतो, "बॅटरी मेली. नवी घ्या!" नवी बॅटरी म्हणजे काही हजारांचा खर्च. तो करण्याआधी आपण एक गोष्ट पाहू या. बॅटरी खरोखर मेली आहे, की नुसती उतरली आहे?

बॅटरी म्हणजे विजेची कणगी

कणगीत आपण धान्य भरतो आणि लागेल तसे काढतो. बॅटरीत वीज भरतो आणि लागेल तशी काढतो. गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले गंधकाचे तेजाब असते. एका कप्प्यातून सुमारे २ व्होल्ट वीज मिळते. सहा कप्प्यांचे मिळून १२ व्होल्ट होतात. अशी बॅटरी इ.स. १८५९ मध्ये प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने प्रथम बनवली.

सेल्फ फिरवताना कणगीतले पुष्कळ धान्य एकदम निघते. इंजिन चालू झाले, की डायनॅमो ती कणगी पुन्हा भरू लागतो. गाडी चाललीच नाही, तर भरणार कोण? शिवाय बॅटरी नुसती ठेवली तरी थोडी थोडी उतरतच असते. उन्हाळ्यात तर जास्तच.

बॅटरी उतरली, की शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरा थर बसतो. ती लवकर भरली, तर हा थर निघून जातो. महिनोन् महिने तशीच ठेवली, तर थर कडक होतो. मग बॅटरी वीज घेत नाही. उतरलेली बॅटरी खरी मरते ती अशी, आपल्या दिरंगाईने.

दोष कसा शोधावा?

पहिले काम. समोरचे दिवे लावा आणि सेल्फ मारा. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ फिरला नाही, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या स्विचमध्ये आहे. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल आहेत. दिवे मुळीच लागले नाहीत, तर तार सुटली असेल, नाहीतर बॅटरी पार रिकामी असेल.

दुसरे काम. बॅटरीची दोन्ही टोके पाहा. त्यांवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी साचली आहे का? ही भुकटी वीज अडवते. फियाटमध्ये ऋण टोकाची तार गाडीच्या अंगाला जोडलेली असते. ती आधी सोडा, मग धन टोकाची. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टोके धुवा. ते पाणी कप्प्यात मात्र जाऊ देऊ नका. टोके कोरडी करून तारा घट्ट बसवा. या वेळी धन आधी, ऋण शेवटी. वरून थोडे व्हॅसलीन लावा. किती तरी 'मेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यानेच जाग्या होतात! टोक सैल आणि आपण आणतो नवी बॅटरी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय?

तिसरे काम. कप्प्यांची बुचे काढून पाणी पाहा. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालू नका. त्यातले क्षार बॅटरी बिघडवतात. वरून तेजाबही घालू नका.

चौथे काम. बॅटरी दुकानात नेऊन सावकाश चार्ज करून घ्या. नंतर काही तास ठेवून मोजा. सुमारे १२.६ व्होल्ट आले, तर ती भरली. पाच कप्पे ठीक आणि एकच अगदी कमी, असे आढळले, तर मात्र ती बॅटरी गेली असे समजा.

पाचवे काम. चार्ज केलेली बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते का? मग डायनॅमो आणि त्याचा पट्टा पाहा. पट्टा सैल असला, की डायनॅमो नीट फिरत नाही. गाडी उभी ठेवून पाच मिनिटे इंजिन चालवले, की बॅटरी भरली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. जुना डायनॅमो मंद इंजिनावर फारच थोडी वीज देतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा गाडी चांगली लांब फिरवून आणावी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ऋण टोकाची तार सोडून ठेवावी.

जीव आधी, गाडी मागून

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली, तर त्याचा स्फोट होतो. म्हणून बॅटरीजवळ विडी नको, काडी नको. पाणी पाहायला काडी ओढून वाकणे म्हणजे डोळे गमावणे. तेजाब अंगावर किंवा डोळ्यांत उडाले, तर लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखान्यात जा. हातात धातूचे कडे किंवा अंगठी घालून काम करू नका.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज घ्यायची असेल, तर आधी धन-ऋण खुणा नीट पाहा. विलायती बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. उलटी जोडणी झाली, तर मोठे नुकसान होते. शंका आली, तर मेकॅनिकला बोलवा.

आणि बॅटरी खरोखरच गेली, तर? ती उकिरड्यावर टाकू नका, घरी फोडू नका. शिसे विषारी आहे. ते मुलांच्या पोटात गेले, तर त्यांच्या मेंदूला इजा करते. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्या. बॅटरीचा कचरा गोळा करण्यासाठी इ.स. २०२२ पासून सरकारचे नवे नियमही आहेत. शिवाय जुन्या बॅटरीचे चार पैसे नव्या किमतीतून वजा होतात.

तेव्हा मंडळी, आधी दिवे, मग टोके, मग पाणी, मग चार्जिंग आणि शेवटी डायनॅमो. हा क्रम ध्यानात ठेवला, की कोणी "नवी घ्या" म्हटले तरी आपण विचारू शकतो, "आधी दोष तरी दाखवा!"