बीज आईबापाचे, बोली घराची

‘खाण तशी माती’ असे आपण म्हणतो. ते खरे, पण अर्धेच. रंग, नाकडोळे आणि बुद्धीचाही काही वाटा आईबापांच्या बीजातून येतो. भाषा मात्र बीजातून येत नाही. मराठी आईबापांचे तान्हे मूल कानडी घरात वाढले, तर कानडीच बोलेल! बोलण्याची शक्ती जन्माची, बोली घराची.

ही शक्ती फुलवायची कशी? पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो. पोटात असल्यापासून त्याला आयोडीन लागते. म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरा. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, नंतर जोडीला वरचे अन्न द्या. अन् बाळाशी बोला. न्हाऊ घालताना, भाकरी थापताना. वडिलांनीसुद्धा! हाकेला वळत नसेल, तर कान तपासून घ्या.

पण आईच्या अंगात रक्त भरायच्या आत पुन्हा दिवस गेले, तर हे सारे करायला तिला ताकद अन् उसंत कुठली? म्हणून पाळणा लांबवा. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. तांबी, गोळ्या, निरोध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नवरा-बायको दोघे मिळून विचारायला या.

दोन मुलांत अंतर, दोघांनाही वेळ!