एका गुणाची सात अक्षरे

'कलम' या शब्दातील दोन अक्षरांनी जागा बदलली की 'कमल' होते. इंग्रजीत अशा अदलाबदलीवर स्क्रॅबल हा अख्खा खेळ उभा आहे. सुट्टीत नातवंडे त्याचा पट मांडतात, तेव्हा मराठी माध्यमात शिकलेले आजोबा बहुधा वर्तमानपत्र घेऊन बाजूला बसतात. इंग्रजी हे आपले काम नव्हे, अशी त्यांची समजूत. वास्तविक या खेळाची अर्धी विद्या दुकानाच्या गादीवरचीच आहे.

खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार. १९३० च्या सुमारास महामंदीत हातचे काम गेल्यावर त्यांनी वृत्तपत्राच्या पानांवरील अक्षरे मोजली आणि त्यावरून अक्षरांचे मोल ठरविले. 'ई'च्या सोंगट्या १२, मोल १ गुण. 'क्यू'ची सोंगटी एकच, मोल १०. अनेकवचने फार सोपी होऊ नयेत म्हणून 'एस' मात्र चारच ठेवली.

नवखा खेळाडू महाग अक्षरामागे धावतो. जाणकाराचा हिशेब निराळा. हातातील सातही सोंगट्या एकाच खेळीत लावल्यास ५० गुण जादा मिळतात, आणि असे शब्द बहुधा स्वस्त अक्षरांतूनच जुळतात. आर, ई, टी, ए, आय, एन या सहा अक्षरांचा 'रिटेन' होतो. प्रत्येकाचे मोल १. त्यांत 'पी' आले की 'पेंटर', 'पर्टेन', 'रिपेंट'. 'जी' आले की 'ग्रॅनाइट', 'टेअरिंग', 'इन्ग्रेट'. 'एस' आले तर 'रेटिनाज', 'नॅस्टिअर' आणि आणखी कितीतरी. 'ग्रॅनाइट'च्या अक्षरांची बेरीज अवघी ८. पदरात पडतात किमान ५८!

म्हणून काय खेळले यापेक्षा हातात काय राखले, हे अधिक महत्त्वाचे. दोन-चार गुणांसाठी 'एस' खर्चणे म्हणजे भांडवल मोडून घरखर्च चालविणे. तीन 'यू' आणि दोन 'व्ही' साचले, तर एक पाळी सोडून सोंगट्या बदलून घेण्याची मुभा आहे. पडून राहिलेला माल काढताना व्यापाऱ्याला वाटते तशीच हळहळ येथेही वाटते, पण तो काढावाच लागतो.

शब्द शोधताना सोंगट्या वर्णक्रमाने लावाव्यात, 'आयएनजी', 'ईआर', 'आरई' असे तुकडे वेगळे काढावेत. उरलेल्या तीन-चार अक्षरांतून शब्द लवकर दिसतो.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्दकोशातील शब्द पाठ करून त्यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. अर्थ ठाऊक असण्याची अट या खेळात नाही. ज्यांनी लहानपणी पावकी-निमकी घोकली, त्यांना दोन अक्षरी शब्दांची यादी कठीण जाऊ नये. 'क्यू' आणि 'आय' मिळून होणारा शब्द तर पहिल्याच दिवशी शिकावा. कारण डाव संपताना हातात उरलेल्या अक्षरांचे गुण आपल्या खात्यातून वजा होतात व सोंगट्या आधी संपविणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. तेवढे एक 'क्यू' राहून गेले, तर फरक वीस गुणांचा पडतो.